वाड्याबाहेरची आरएक्स १००: कायद्यात राहून गाडी सांभाळण्याच्या नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

काम असं: बाबांची यामाहा आरएक्स १०० पुण्यातल्या आमच्या वाड्याच्या दिंडीबाहेर, ओट्याशेजारच्या मोकळ्या पट्टीत उभी असते. आत चौकात न्यायला दिंडीचा उंबरा आड येतो, आणि बाबांच्या गुडघ्यांना ते रोजचं उचलणं आता झेपत नाही. म्हणजे गाडी बाहेरच राहणार. बाहेर राहूनच ती चोरीपासून जितकी वाचवता येईल तितकी वाचवायची, आणि जे करायचं ते कायद्यात बसणारं हवं. वाड्यातल्या बाकीच्या बिऱ्हाडांना त्याचा जाच होता कामा नये.

आरएक्सचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. चांगल्या स्थितीतली आरएक्स आज अनेकदा नव्या शंभर सीसीच्या गाडीपेक्षा महाग जाते, आणि सुट्या भागांनाही गिऱ्हाईक असतं. वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. दोन धडधाकट माणसांनी उचलून टेम्पोत ठेवली की हँडल लॉक असला काय आणि नसला काय. त्यामुळे नुसतं चाक फिरू न देणारं कुलूप पुरणार नाही. गाडी जमिनीशी बांधावी लागेल.

डिस्क लॉकचा विचार लगेच बाद. पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, लॉक लावायला डिस्कच नाही. चाकं आऱ्यांची असल्यामुळे साखळी फक्त आऱ्यांतून घालणंही व्यर्थ, आरे पकडीने तुटतात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

जमिनीशी बांधायची, पण जमीन कोणाची? ओट्यापासून गल्लीच्या डांबरापर्यंतच्या पट्टीला सगळे ‘वाड्याची जागा’ म्हणतात. तोंडी म्हणण्यावर मी खड्डा खणणार नाही.

मालक काकांनी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून दिली. डिजिटल सहीची प्रत आता महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळते. सोबत त्यांच्याकडे सिटी सर्व्हेच्या मोजणीचा जुना नकाशा होता. दोघांनी टेप धरून मोजलं. जोत्याच्या दगडापासून साधारण साडेचार फूट वाड्याची हद्द, त्यापुढे रस्ता. म्हणजे गाडी आडवी, भिंतीला समांतर लावली तर पूर्ण हद्दीत राहते. तिरकी लावली तर पुढचं चाक रस्त्यावर जातं. उद्यापासून समांतर.

हे इतकं मोजून घ्यायचं कारण आहे. रस्त्यात किंवा पदपथावर कडी, खुंटा, पाइप असं काही रोवलं तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २२९ ते २३१ च्या कक्षेत आपण येतो, आणि कलम २३१ खाली आयुक्त अशी वस्तू नोटीस न देता काढून टाकू शकतात. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला साखळी बांधणं हाही उपाय नाही. खांब आपला नाही, आणि देखभालीला आलेला माणूस ती साखळी कापेल तेव्हा आपल्याला बोलायला जागा उरणार नाही. झाडाचंही तेच. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि साखळी घासून साल सोलली गेलेली झाडं मी आमच्याच पेठेत पाहते. तसं माझ्या हातून व्हायला नको.

आणखी एक, गल्लीतल्या सगळ्यांनीच लक्षात ठेवावं असं: मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस किंवा कोणाचं लक्ष नसताना सोडलेली गाडी उचलायचा किंवा तिला जॅमर लावायचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. बाबा आठवड्यातून दोन-तीनदाच गाडी काढतात. रस्त्यावर ती कितीही भक्कम बांधली तरी या तरतुदीपुढे उपयोग नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आम्ही भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये घरमालकाला जागा परत मागण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत एक आहे: मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणं. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, खोटं छत अशा काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. जमिनीत काँक्रीटचा ठोकळा त्या यादीत नाही. दोन पिढ्यांचं बिऱ्हाड एका कडीपायी वादात जाऊ नये, म्हणून संमती लेखीच घ्यायची ठरवलं.

काका आधी म्हणाले, “अगं, तुला मी नाही म्हणणार आहे का? घाल की कडी.” मी म्हटलं, “काका, तुम्ही नाही म्हणणार नाही हे ठाऊक आहे, पण उद्या कागद विचारला तर आपल्या दोघांकडे असावा.” ते हसले आणि म्हणाले, “मग अर्ज नीट लिही. माप, जागा, खर्च कोणाचा, आणि घर सोडताना काढायचं की नाही, सगळं त्यात घाल.” हे शेवटचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, ते त्यांनीच घातलं. ठरलं ते असं: खर्च आमचा, घर सोडलं तर ठोकळा तसाच राहील आणि त्याचा मोबदला मागायचा नाही.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत नाही, हेही काकांकडून पक्कं करून घेतलं. यादीत असता तर आणखी वेगळी परवानगी लागली असती. ज्यांचे वाडे यादीत आहेत त्यांनी आधी ते पाहावं.

रविवार, ९ नोव्हेंबर

साखळी आणि कडं. सकाळी जुन्या बाजारात, मग बोहरी आळीत.

जुन्या बाजारात जाड साखळ्या ढिगाने होत्या, पण बहुतेक साध्या लोखंडाच्या. ओळखायची सोपी पद्धत: बारीक कानस घेऊन कडीवर घासायची. कानस चावून चकचकीत ओरखडा उमटला तर पोलाद मऊ, मोठा बोल्ट कटर ते कापू शकतो. कानस घसरून गेली तर पृष्ठभाग कडक केलेला आहे. दुकानदाराला विचारून घासावं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

घेतली ती दहा मिलिमीटर जाडीच्या चौकोनी कड्यांची, कडक केलेल्या पोलादाची, कापडी खोळ असलेली, साधारण दीड मीटर लांब. खोळ आणि कुलपासकट वजन चार किलोच्या आसपास भरतं. प्रवासात न्यायची नाही, घरच्या कडीलाच राहणार, म्हणून वजनाची पर्वा केली नाही. कुलूप असं निवडलं की ज्याची कमान दोन्ही बाजूंनी अंगात झाकली जाते, कटरचा जबडा आत शिरायला फट राहत नाही.

जमिनीत पुरायच्या कड्यासाठी वेल्डिंगवाल्याकडे सळई वाकवून घेता आली असती. पण सळई साध्या करवतीने कापता येते, आणि कडक पोलादावर वेल्डिंग केलं की उष्णतेने त्या जागचा कडकपणा जातो. म्हणून क्रेनच्या स्लिंगला असतं तसं लांबट, बिनजोडाचं, सोळा मिलिमीटर जाडीचं अलॉय स्टीलचं कडं घेतलं. ते मालाची उचल सोसण्यासाठीच घडवलेलं असतं.

हे स्वच्छ लिहून ठेवते: ग्राइंडरपुढे यांतलं काहीच कायमचं टिकत नाही. आपण विकत घेतो तो वेळ आणि आवाज. रात्री दोन वाजता वाड्याच्या भिंतीला लागून ग्राइंडर चालवावा लागला, तर पहिल्या मजल्यावरची चार बिऱ्हाडं जागी होणार. या वाड्याचं खरं संरक्षण तेच आहे. साखळीने फक्त चोराला आवाज करायला भाग पाडायचं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

गवंडीमामा आले. भिंतीत अँकर बोल्ट मारायचा पर्याय त्यांनी बघताक्षणी खोडला. जोत्याच्या वरची भिंत विटा आणि मातीची, बोल्ट धरणार नाही. जोतं घडीव दगडाचं आहे, पण ड्रिलच्या हादऱ्याने जुने सांधे मोकळे होतील. शहाबादी फरशीवर नुसती प्लेट ठोकणंही निरुपयोगी, फरशीखाली मुरूम आहे, पहारीने फरशीसकट उपटून येईल.

म्हणून ठोकळा. जोत्यापासून हातभर अंतर सोडून (पायाला धक्का नको) दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल खड्डा. खणण्याआधी पाण्याची लाइन कुठून जाते ते काकांनी दाखवलं, आणि वीजमीटरची केबल विरुद्ध बाजूने जाते याची खात्री केली. तळाशी थोडी खडी, मग एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचं काँक्रीट. कड्याचा खालचा अर्धा भाग आत, आणि त्यातून दोन फुटी सळया आडव्या ओवून टोकं वाकवली. कडं ओढलं तर त्या सळयांना अख्खा ठोकळा वर ओढावा लागेल. एवढ्या काँक्रीटचं वजन सुमारे २२० किलो, आणि भोवती कुटलेला मुरूम.

वरचा भाग फरशीच्या वर येऊ दिला नाही. चार इंचांचा खळगा ठेवून कडं त्यात बसवलं आणि वर लोखंडी झाकण. दिंडीतून काळोखात बाहेर पडणाऱ्या काकूंना ठेच लागून त्या पडल्या, तर माझी सुरक्षा त्यांच्या जिवावर. खळग्यात पाणी साचू नये म्हणून एका बाजूला नळीचा तुकडा टाकून उतार दिला.

आठवडाभर गोणपाट टाकून पाणी मारायचं. तोवर कड्याला काही बांधायचं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

संध्याकाळी वाड्यात सगळ्यांशी बोलले. वरच्या मजल्यावरच्या मुलाने सुचवलं की रात्री गाडीला हलका करंट सोडावा, चोराला झटका बसला की परत यायचा नाही.

याचं उत्तर मी त्याला बसवून सविस्तर दिलं, कारण असा विचार करणारा तो एकटा नाही. शेतात रानडुकरांसाठी तारेत करंट सोडला आणि त्यात शेजारचाच माणूस गेला, अशा बातम्या आपल्याकडे दर हंगामात येतात. मग करंट सोडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. आपल्या गाडीला हात लावणारा चोरच असेल असं नाही. टेकलेलं लहान मूल असेल, गाडी बाजूला घेणारा दूधवाला असेल. कायदा मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच लिहिली आहे: बचावासाठी आवश्यक त्याहून जास्त इजा करायची नाही. साध्या चोरीत समोरच्याचा जीव घेण्याइतपत हा हक्क कधीच ताणता येत नाही. काचा, खिळे, धारदार पत्रे, सगळ्याला हेच लागू. एका गाडीसाठी कोणाचा हात-पाय जायला नको, हे मी कायदा बाजूला ठेवूनही म्हणेन.

मुलगा ऐकून घेणारा आहे. त्याने मग कॅमेऱ्याचं काम अंगावर घेतलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अलार्म: नाही. पेठेत एक बस गेली तरी वाजणारे अलार्म मी ऐकले आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रात्रभर विनाकारण वाजणाऱ्या भोंग्याकडे चौथ्या दिवशी कोणी खिडकी उघडूनही बघत नाही. आम्हाला तर शेजाऱ्यांनी बघायला हवं आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कॅमेरा दिंडीच्या आतल्या तुळईवर. रोख खाली, गाडी आणि दिंडीचा उंबरा एवढाच भाग दिसतो. समोरच्या घराची खिडकी चौकटीत येत होती, ती ॲपमधून झाकून टाकली. चौकाकडे एकही कॅमेरा नाही. तिथे बायका धुणं वाळत घालतात, पोरं आंघोळ करून धावतात. एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावणं खासगीपणाचा भंग ठरतं, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आम्ही सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या आणि दिंडीवर ‘येथे कॅमेरा आहे’ अशी पाटी लावली. पाटीचा खरा उपयोग तोच, चोराने आधी वाचावी.

चित्रण कधी पुरावा म्हणून द्यावं लागलं तर मूळ कार्ड तसंच काढून ठेवायचं, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली क्लिप पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायचा आकडा) नोंदवावं लागतं. कार्ड भरलं की जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून घटना कळताच कार्ड काढणं हे पहिलं काम.

रविवार, २३ नोव्हेंबर

काँक्रीट पक्कं झालं. पहिल्यांदा बांधली.

पद्धत ठरवून बाबांना दाखवली: साखळी कड्यातून, मग मागच्या चाकातून, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) आतून, फ्रेमच्या नळीवरून, आणि कुलूप वर, सीटच्या खालच्या पातळीला. साखळी ताठ राहायला हवी. ती जमिनीवर लोळत असली तर कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून अंगाचं वजन देता येतं, किंवा फरशीवर ठेवून हातोडा घालता येतो. पुढच्या चाकाला बांधायची नाही, एक आस काढला की चाक साखळीला राहतं आणि गाडी जाते.

पेट्रोल कॉक बंद. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जाते आणि बंद पडते, पैसा न घालता मिळालेली ही एक अडचण चोरापुढे. इग्निशनच्या वायरीत एक छुपा स्विचही बसवला, कुठे ते इथे लिहीत नाही. चालवताना गुडघा लागून इंजिन बंद पडणार नाही आणि पावसाचं पाणी जाणार नाही अशी जागा मेकॅनिकने निवडली. नोंदणी पुस्तकातल्या कोणत्याही तपशिलाला यामुळे धक्का लागत नाही, हे महत्त्वाचं. रंग, इंजिन, चासी यांत बदल करायचा झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

वरून साधं राखाडी कव्हर. गाडी कोणती आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं कारण नाही.

शेजारच्या दोन स्कूटर याच साखळीत अडकवाव्यात का, असं काकूंनी विचारलं. नको म्हटलं. वाडा सागवानी, आणि पुण्यात रात्री गाड्या पेटवून देण्याचे प्रकार झालेले आहेत. एक पेटली तर बाकीच्या ओढून लांब नेता आल्या पाहिजेत. गाड्या एकमेकींना बांधायच्या नाहीत, दिंडीसमोर काही उभं करायचं नाही, आणि साखळीची एक चावी कायम दिंडीच्या आत, सगळ्यांना ठाऊक असलेल्या खिळ्यावर. वाड्यातला माणूस चोरी करेल या भीतीपेक्षा आग जास्त खरी आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

कागदांचा दिवस.

उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून आणली. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही राज्यात ती सक्तीची केली आहे. दुचाकीला ४५० रुपये आणि जीएसटी, म्हणजे ५३१. एकदाच बसणारा लॉक आणि लेझरने कोरलेला क्रमांक असल्यामुळे प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावणं पूर्वीइतकं सोपं राहत नाही. बाबांना जुनी, हाताने रंगवलेली प्लेट टाकवत नव्हती. ती भिंतीवर टांगली.

विमा: आतापर्यंत फक्त थर्ड पार्टी होता. त्यात चोरी येत नाही. कित्येक जण ‘विमा आहे’ या भरवशावर असतात आणि चोरीनंतर कळतं. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक परस्परांत ठरवतात, म्हणून गाडीचे फोटो, दुरुस्तीची बिलं, नाना पेठेतून आणलेल्या भागांच्या पावत्या सगळं फाइलला लावून पाहणीसाठी अर्ज दिला. दाव्याच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. दोन्ही आहेत. एक वापरात, एक कपाटात.

इंजिन आणि चासी क्रमांकाचे स्पष्ट फोटो काढले. टाकी, साइड कव्हर आणि सायलेंसरच्या आतल्या बाजूला गाडीचा क्रमांक कोरून घेतला, कारण आरएक्स बहुधा तुकड्यांत विकली जाते. इंजिन आणि चासीच्या मूळ क्रमांकांच्या आसपास मात्र काहीही कोरायचं नाही. आणि आपणही भाग घेताना पावती मागायची. चोरीचा असल्याचं मानायला सबळ कारण असताना माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावतीशिवाय टाकी विकत घेणाराच दुसऱ्या कोणाची तरी आरएक्स चोरीला लावतो.

रविवार, ७ डिसेंबर

ट्रॅकर बसवला. सिम बाबांच्या नावावर. आपल्याच गाडीचा माग ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. जुन्या गाडीची बॅटरी तो खातो, म्हणून स्वतःची बॅटरी असलेला घेतला, दर महिन्याला चार्ज करायचा.

नकाशावर गाडी दिसली म्हणून आपण तिथे जायचं नाही, हे बाबांकडून कबूल करून घेतलं. ११२ ला फोन, आणि लोकेशन पोलिसांना.

चोरी झालीच तर काय करायचं ते एका कागदावर लिहून दिंडीच्या आत चिकटवलं: आधी ११२, मग कॅमेऱ्याचं कार्ड काढणं, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार (न्याय संहितेचं कलम ३०३, चोरी), त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणं, आरटीओला पत्र. तक्रार ऑनलाइन पाठवली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे, पण त्या खटल्यातही पोलिसांत तक्रार वेळेवर झालेली होती. तपास न लागल्यास पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल (गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही असा) लागतो, त्याचा पाठपुरावा करत राहायचा.

रविवार, १४ डिसेंबर

काकूंच्या मुलाने स्वतःच्या मोटारसायकलसाठी दुसरा ठोकळा घालायचं ठरवलं. काकांना त्याचा वेगळा अर्ज गेला, सही झाली. जागा माझ्या कड्यापासून सहा फुटांवर, दिंडी मोकळी ठेवून, हद्दीच्या आत. गवंडीमामा पुढच्या शनिवारी येतील.

आरएक्सची विमा पाहणी मंगळवारी आहे. खळग्याच्या झाकणाला रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिला आहे.